गोष्ट नंतर सांगा

माझी भाची दादरला पियानो शिकते. गेल्या पावसाळ्यात तिच्या क्लासमधून एक छापील कागद घरी आला. एका बाजूला रचनांची नावं, दुसऱ्या बाजूला रिकाम्या चौकटी आणि वर सूचना: 'या संगीतातला भाव लिहा.' जर्मन रचनाकार शुमानच्या 'ट्रॉयमेराय'समोर, म्हणजे स्वप्नात हरवणं असं नाव असलेल्या रचनेसमोर, तिने लिहिलं होतं, 'कुणीतरी निघून चाललंय आणि सारखं वळून बघतंय.' त्यावर लाल पेनाची फुली होती. शेजारी बरोबर उत्तर लिहून दिलेलं: 'शांत, स्वप्नाळू.'

पोर ११ वर्षांची. तिला मार्कांचं काही वाटलं नाही. तिने विचारलं ते असं, "मावशी, मग मला तसं का ऐकू आलं?"

तो कागद मी जपून ठेवलाय, कारण हा काही एका क्लासचा प्रश्न नाही. युरोपातल्या रोमँटिक काळातलं, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातलं, पियानोचं संगीत आज आपल्याकडे मोबाइलवरून येतं, परीक्षेच्या पुस्तकांतून येतं, कार्यक्रमाच्या दारात हातात ठेवलेल्या पत्रकातून येतं, आणि येताना बहुतेक वेळा एक गोष्ट सोबत घेऊन येतं. इथे पाऊस पडतोय, हे चांदणं आहे, ही क्रांती, हा विरह. पहिला सूर लागायच्या आत काय ऐकायचं ते ठरून गेलेलं असतं. माझं म्हणणं असं की आधी सूर ऐकू द्यावेत, गोष्ट नंतर सांगावी, आणि सांगताना ती कुणाची आहे तेही सांगावं: रचनाकाराची, प्रकाशकाची, समीक्षकाची, की आपली स्वतःची.

पोलंडचा रचनाकार शोपँ याच्या २४ प्रेल्यूडांपैकी, म्हणजे पियानोच्या छोट्या स्वतंत्र रचनांपैकी, पंधरावं घेऊ. सगळं जग त्याला 'रेनड्रॉप' म्हणतं. आपल्या पेटीच्या भाषेत सांगते. षड्ज काळी एक. गाणं ग, सा आणि खालचा प असं अलगद उतरत सुरू होतं, आणि त्याच्याखाली काळी चार, म्हणजे पंचम, एकसारखी वाजत राहते. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेची सवय असलेल्या कानाला हा पंचम लगेच ओळखीचा वाटतो, घरातला वाटतो. मग मधला भाग येतो. षड्ज तोच, पण गंधार कोमल झालेला. कागदावर शोपँने त्या पंचमाचं नावसुद्धा बदललंय, ए फ्लॅटचा जी शार्प केलाय. बोटाखालची पट्टी मात्र तीच, काळी चार. आता गाणं खाली खर्जात उतरतं आणि पंचम त्याच्या डोक्यावर चढून बसतो. अगदी दबक्या आवाजात सुरू झालेलं हे प्रकरण वाढत वाढत असं अंगावर येतं, की मघाशी ज्या सुराचा आधार होता त्याच सुराची धास्ती वाटायला लागते. शेवटी पहिलं गाणं परत येतं. आणि अगदी संपता संपता एक जागा अशी येते, जिथे पंचम गप्प होतो. एकच ओळ वरून एकटी उतरते, खाली काहीही नसताना. दोन श्वासांपुरतं. मग पंचम पुन्हा सुरू होतो आणि रचना मिटते.

त्या जागेपाशी माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. पण हाच तो 'पाऊस' असं आधी सांगून ठेवलं असेल, तर तिथे काय ऐकू येतं? पाऊस थांबला, एवढंच. मधल्या भागात काय? पाऊस वाढला. सगळ्या रचनेचा हवामानाचा अंदाज होऊन जातो.

आता या पावसाची मूळ गोष्ट बघा. १८३८-३९चा हिवाळा शोपँने लेखिका जॉर्ज साँ आणि तिच्या दोन मुलांबरोबर मायोर्का बेटावर काढला. व्हाल्देमोसाच्या जुन्या मठात बिऱ्हाड. त्याची छाती आधीच पोखरलेली, त्यात थंडी आणि ओल. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा पियानो कस्टममध्ये अडकून बसलेला, तोवर तिथल्याच एका सुमार पियानोवर काम. साँने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की ती आणि तिचा मुलगा पाल्माला गेले होते, पुरातून वाट काढत रात्री खूप उशिरा परतले, तेव्हा शोपँ डोळ्यांत पाणी आणून एक प्रेल्यूड वाजवत बसला होता. ते दोघे मेले, अशीच त्याची समजूत झालेली. आपणही एका तळ्यात बुडून पडलोय आणि बर्फासारखे जड थेंब ठरावीक तालात छातीवर पडताहेत, असं त्याला दिसलं होतं. साँने त्याचं लक्ष छपरावर खरोखर पडणाऱ्या थेंबांकडे वेधलं. तो म्हणाला, हे मी ऐकलेलेच नाहीत. आवाजाची नक्कल केली असं ती सुचवतेय म्हटल्यावर तो चिडला.

म्हणजे ज्या प्रसंगावरून 'रेनड्रॉप' हे नाव पडलं, त्याच प्रसंगात शोपँने त्या नावाला नकार देऊन ठेवलाय. शिवाय साँने प्रेल्यूडचा नंबर दिलेला नाही. जाणकारांपैकी काहीजण सहाव्या प्रेल्यूडकडे बोट दाखवतात. पण कौलांवरचा पाऊस गोष्टीत बसतो, तळ्यात बुडालेल्या माणसाच्या छातीवरचे थेंब बसत नाहीत. आपण सोपं तेवढं ठेवलं आणि भयंकर होतं ते गाळलं. मधला भाग इतका काळा का, याचं काही उत्तर असेल तर ते या गाळलेल्या अर्ध्यात आहे.

शोपँने आपल्या रचनांना प्रकाराचं नाव आणि क्रमांक देऊन बाजूला सरायचं ठरवलं होतं. नॉक्टर्न, एत्यूद, स्केर्झो, बलाद. लंडनचा त्याचा प्रकाशक वेसेल याला ते पटेना, कारण नुसत्या क्रमांकाला गिऱ्हाईक येत नाही. मग त्याने पहिल्या नॉक्टर्नांच्या संचाला 'सीन नदीची कुजबुज' म्हटलं आणि पहिल्या स्केर्झोला 'नरकातली मेजवानी'. शोपँचं रक्त खवळलं. १८४१ साली फोन्ताना या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो वेसेलला मूर्ख आणि लबाड म्हणतो, आणि माझ्या रचनांवर त्याला तोटा झाला असेल तर तो मी बजावूनही लावलेल्या त्या खुळ्या नावांमुळेच झाला असेल, असं त्याला कळवायला सांगतो.

त्या 'नरकातल्या मेजवानी'च्या बरोबर मध्यावर काय आहे माहीत आहे? नाताळात पोलंडमध्ये बाळ येशूसाठी गातात ती अंगाई. भोवती सगळा कल्लोळ आणि मध्ये ही अंगाई, अगदी सावकाश. दुकानावर 'नरक' अशी पाटी बघून आत शिरलेल्या माणसाला ती अंगाई ऐकू आली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वेसेल गेला, त्याचा धंदा चालू आहे. आज ॲपमध्ये याद्या असतात: झोपेसाठी पियानो, अभ्यासासाठी पियानो, उदास पियानो, पावसाळी पियानो. त्यात बेथोवनचा 'मूनलाइट' हमखास असतो. काटेकोर बोलायचं तर बेथोवन रोमँटिक काळाच्या उंबरठ्यावरचा, पण पुढच्या सगळ्यांनी त्याच्याच घरातून वाट काढली. १८०१ सालच्या या रचनेला त्याने स्वतः 'जणू फँटसी असावी अशी सोनाटा', म्हणजे अनेक भागांची रचना, एवढंच म्हटलं होतं. चांदणं आणलं बर्लिनच्या लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने, ल्युसर्नच्या सरोवराची उपमा देऊन. उपमेला माझी हरकत नाही, एका ऐकणाऱ्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. हरकत पुढे जे झालं त्याला आहे. झोपेच्या यादीत पहिला भाग वाजतो आणि संपतो. बेथोवनने त्या भागाच्या शेवटी लिहून ठेवलंय, की न थांबता लगेच पुढच्यात जा. पुढचा छोटा भाग पार केला की तिसरा येतो, वादळासारखा, खालून वर उसळत प्रत्येक वेळी दोन घाव घालणारा. ज्याने तो तिसरा भाग ऐकलाय त्याला पहिल्यातली शांतता वेगळीच ऐकू येते. ती दाबून धरलेली असते. चांदण्याच्या पाटीखाली तो तिसरा भाग मावत नाही, म्हणून तो कापला जातो. रचनाकाराने हाताने लिहिलेली सूचना एका समीक्षकाच्या उपमेपुढे हरते, आणि ऐकणाऱ्याला काही कापलंय याचा पत्ताही लागत नाही.

हाच रेलश्टाब पुढे शुमानच्या वाटेला गेला. शुमानची 'किंडरझेनेन', म्हणजे बालपणाची दृश्यं, १८३८ सालची. १३ छोट्या रचना, त्यातली सातवी 'ट्रॉयमेराय'. रेलश्टाबच्या टीकेने शुमान दुखावला, आणि १८३९ साली हाइनरिश डोर्न या आपल्या जुन्या गुरूला त्याने लिहिलं, की या माणसाला वाटतं मी रडणारं मूल समोर बसवलं आणि मग त्याच्यासाठी सूर शोधत बसलो. आहे नेमकं उलट. रचताना काही मुलांचे चेहरे डोळ्यांसमोर तरळले हे तो नाकारत नाही. पण नावं मागून आली, आणि वाजवायला, समजून घ्यायला एक नाजूक खूण, याहून ती जास्त काही नाहीत.

नावं मागून आली. ज्याने मुलांसाठी, मुलांविषयी सगळ्यांत मायेने पियानो लिहिला, त्याने हा क्रम सांगून ठेवलाय आणि आपण मुलांना शिकवताना तोच उलटा करतो.

नावाचा जोर किती असतो ते 'ट्रॉयमेराय'वरच दिसतं. शुमानच्या छापील प्रतीवर लयीचा आकडा आहे मिनिटाला १००. क्लाराने, त्याच्या बायकोने, पुढे काढलेल्या आवृत्तीत तो ८० केला. तीही स्वतः मोठी पियानोवादक, नवऱ्याचं संगीत तिच्याहून जवळून कुणी वाजवलेलं नाही. शुमानचा लयमापक बिघडलेला होता का यावर वाद झालेत. ते बाजूला ठेवलं तरी आज आपण ही रचना जेवढी रेंगाळत ऐकतो ती क्लाराच्या आकड्याहूनही बरीच संथ असते. स्वप्न म्हटलं की बोटं आपोआप झोपेत चालल्यासारखी चालतात. तेव्हा भाव ओळखण्यात गोष्ट लुडबुड करते एवढ्यावर हे थांबत नाही, ती वाजवणाऱ्याची लयसुद्धा बदलते.

आणि माझ्या भाचीला काय ऐकू आलं होतं? ती ओळ दर वेळी तशीच वर चढते, एका उंच जागी पोचते आणि तिथून उतरताना दर वेळी वेगळ्या वाटेने जाते. वर चढणं ओळखीचं, उतरणं नवं. शेवटच्या वेळी तर वरच्या सुरावर शुमानने थांबायची खूण केलीय आणि खाली असा एक स्वरमेळ ठेवलाय जो आधी तिथे नव्हता. सारखं वळून बघणारं माणूस, असं याचं वर्णन एखाद्या मुलीने केलं तर ती रचनेची बांधणीच सांगत असते, तिच्या शब्दांत. फुली मारायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं, की कुठे ऐकलंस दाखव.

एप्रिल १९८६मध्ये पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ ६१ वर्षांनी रशियात परतला. वय ८२. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या सभागृहात त्याने जादाची रचना म्हणून 'ट्रॉयमेराय' वाजवलं. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. कॅमेरा एका प्रौढ माणसावर थांबतो. त्याचा चेहरा हललेला नाही, फक्त गालावरून पाणी ओघळतंय. तो माणूस लहान मुलाच्या स्वप्नासाठी रडत नव्हता. त्या कागदावर त्याचंही उत्तर चुकलं असतं.

कुणी म्हणेल, मग लिस्टचं काय करायचं? मुसोर्गस्कीचं काय? या रचनाकारांनी तर गोष्टी स्वतः लिहून ठेवल्यात. बरोबर आहे, आणि तिथे गोष्ट लपवणं हा अन्याय होईल. मुसोर्गस्कीचा मित्र हार्टमान १८७३ साली अचानक गेला, पुढच्या वर्षी पीटर्सबर्गला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, आणि त्यातून 'प्रदर्शनातली चित्रं' ही पियानोची रचना झाली. तिथे चित्रांची नावं रचनेचाच भाग आहेत. त्यातली बरीच चित्रं आता हरवलीत आणि सूर तेवढे राहिलेत. चायकोव्हस्कीच्या 'ऋतू'मधल्या बारा महिन्यांचे विषय मासिकाच्या संपादकाने सुचवले होते, पण त्याने ते आनंदाने घेतले आणि त्यावर लिहिलं. वेसेलच्या नावांना शोपँची संमती नव्हती, इथे आहे. मला हा फरक मोठा वाटतो.

लिस्टच्या 'फ्युनेराय'बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे खरी गोष्ट असूनही लोकांनी दुसरीच उचलली. नावाचा अर्थ अंत्यविधी. सोबत तारीख: ऑक्टोबर १८४९. शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ला पॅरिसमध्ये गेला. मध्यभागी डाव्या हातात धडधडणारे सप्तक शोपँच्या एका प्रसिद्ध पोलोनेझची, म्हणजे पोलिश नाचाच्या चालीवरच्या रचनेची, आठवण करून देतात. झालं, मित्राने मित्राला वाहिलेली श्रद्धांजली अशी गोष्ट तयार झाली, आणि ती अजून सांगितली जाते. पण लिस्ट हंगेरीचा. त्याच महिन्यात, ६ ऑक्टोबरला, हंगेरीचा उठाव चिरडल्यावर ऑस्ट्रियाने अराद इथे १३ सेनानींना मृत्युदंड दिला, आणि त्याच दिवशी पेस्टमध्ये माजी पंतप्रधान बाच्यानी याला गोळ्या घातल्या. सुरुवातीला खर्जात घुमणाऱ्या त्या घंटा एका माणसासाठी वाजताहेत असं मानलं, की एका पराभूत देशाचा सुतकाचा महिना पुसला जातो. हळवी गोष्ट खऱ्या गोष्टीची जागा इतक्या सहज घेते, म्हणूनच ती कुणाची आहे हे विचारायचा माझा एवढा आग्रह आहे.

उलट बाजूने कधी कधी इतिहासच एखाद्या रचनेला गोष्ट देतो. शोपँचं सी शार्प मायनरमधलं एक नॉक्टर्न त्याच्या हयातीत छापलंही गेलं नव्हतं. २३ सप्टेंबर १९३९ला वॉर्सॉवर जर्मन तोफा चालू असताना पियानोवादक व्लादिस्लाव श्पिल्मानने ते पोलिश रेडिओवर वाजवलं, आणि त्यानंतर ते केंद्र बंद पडलं. पुढे जर्मनांनी शोपँच्या जाहीर कार्यक्रमांवर बंदी घातली आणि १९४० साली वॉर्सॉच्या वाझेन्की बागेतला त्याचा पुतळा सुरुंग लावून उडवला. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण शोपँने १८३० साली ते तोफांसाठी लिहिलं नव्हतं, हेही त्याच दमात सांगावं.

आपल्याकडचे काही जाणते मित्र मला म्हणतात, तू उगाच कडक होतेस, आपल्या मल्हारात पाऊस आहेच की. आहे. पण मल्हार म्हणजे ढगांचं चित्र नाही. कोणते सूर, कोणत्या चालीने, कुठे थांबायचं, याची ती शिस्त आहे, आणि पाऊस तिथे परंपरेने आणि बंदिशीच्या शब्दांनी आलाय, विक्रेत्याच्या पाटीने नाही. शिवाय आपण रागाचं नाव ऐकून समाधान मानत नाही. गायकाने निषाद कसा लावला यावर घरी येईपर्यंत बोलत राहतो. पियानो ऐकताना तोच कान बाहेर ठेवून का जायचं?

नवख्याला दार हवं, हा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. 'ओपस २८, नंबर १५' हे कुणाच्याही जिभेवर बसणार नाही. तेव्हा 'रेनड्रॉप' म्हणा, पत्ता म्हणून म्हणा. पण पत्ता सांगणं वेगळं आणि घरात काय सापडेल ते आधीच बजावणं वेगळं. जर्मन रचनाकार मेंडेल्सोनला सूशे नावाच्या एकाने त्याच्या 'शब्दांवाचूनच्या गीतां'चा अर्थ विचारला होता. १८४२ साली दिलेल्या उत्तरात मेंडेल्सोन म्हणतो, की संगीतातून मला जे कळतं ते शब्दांत मावण्याइतकं धूसर नसतं, ते शब्दांपेक्षा जास्त नेमकं असतं. हे वाक्य प्रत्येक क्लासच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं.

मागणं मोठं नाही. मुलांना रचना आधी दोनदा ऐकवावी, नाव झाकून. मग त्यांना काय वाटलं ते विचारावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे वाटलं ते पट्टीवर दाखवायला सांगावं. त्यानंतर साँ, वेसेल, रेलश्टाब, सगळ्यांच्या गोष्टी रंगवून सांगाव्यात, मुलांना त्या आवडतातच. कार्यक्रमाच्या पत्रकात 'हे नाव रचनाकाराचं नाही' एवढी एक ओळ छापायला जागा लागत नाही. ॲपवाल्यांनी निदान सोनाटाचे तिन्ही भाग एकत्र ठेवावेत. रशियन रचनाकार रखमानिनोव्हने आपल्या एत्यूदांमागची चित्रं कुणाला सांगितली नव्हती. इटालियन रचनाकार रेस्पिगी त्यातल्या पाच रचना वाद्यवृंदासाठी बसवत होता तेव्हा १९३० साली त्याला तेवढ्यापुरती कळवली. समुद्र आणि समुद्रपक्षी, जत्रा, लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा. कामाला गरज पडली तेव्हा, गरज होती त्याला. एरवी ऐकणाऱ्याने आपलं चित्र आपण रंगवावं, असं तो म्हणत असे.

शुमानचा 'मुलांसाठी अल्बम' १८४८चा. त्याची सुरुवात मारी या थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी केलेल्या रचनांतून झाली. त्यात ४३ रचना आहेत: शिपायांची कवायत, रानटी घोडेस्वार, आनंदी शेतकरी. तीन रचनांना मात्र नाव नाही. नावाच्या जागी फक्त तीन चांदण्या छापल्यात.

दिवाळीच्या सुट्टीत भाची माझ्याकडे होती. मी त्यातली पहिली, म्हणजे २१ नंबरची, तिच्यापुढे ठेवली. अडखळत, मागे जात तिने ती लावली, आणि तिसऱ्या दिवशी न थांबता वाजवली. मग पान जवळ ओढून विचारलं, याचं नाव काय. मी चांदण्यांवर बोट ठेवलं. तिने पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं, या वेळी जरा सावकाश, शेवटच्या सुरावरून बोट उचललं नाही.

"यात कुणी जात नाहीये," ती म्हणाली. "सगळे घरीच आहेत."